डिटेक्टरला सोनं कळत नाही

परवा एका परिचितांनी जाहिरातीचा व्हिडिओ पाठवला. पिस्तुलासारखी मूठ, पुढे हलती दांडी, आणि दावा असा की जमिनीत 50 फूट खोल पुरलेल्या सोन्याकडे ही दांडी वळते. खाली त्यांचा प्रश्न: "घेऊ का? निवृत्तीनंतर एक छंद होईल." छंद उत्तम आहे. यंत्र मात्र ते नव्हे.

खऱ्या मेटल डिटेक्टरच्या टोकाला तव्याएवढी चकती असते आणि तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. त्यातल्या एकातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्याचं सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातू असला तर त्यात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, म्हणजे भोवरी प्रवाह सुरू होतात (शाळेतला फॅरेडे आठवा) आणि त्यांच्या क्षीण क्षेत्राची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने 1881 मध्ये याच तत्त्वावर अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधून पाहिली होती. ती सापडली नाही.

आता माझा आवडता भाग. भोवरी प्रवाह सगळ्या धातूंत सारखा टिकत नाही. चांदीच्या जाड नाण्यात विजेला होणारा अडथळा, म्हणजे रोध कमी, म्हणून तो रेंगाळतो. चॉकलेटच्या चंदेरी कागदात लगेच विरतो. त्यामुळे धातूकडून परतणारी लाट मूळ लाटेच्या कमी-जास्त मागे पडते. या मागे पडण्यावरूनच (कलांतरावरून) डिटेक्टरच्या पडद्यावर दिसणारा आकडा ठरतो. पण हे रेंगाळणं धातूच्या वाहकतेइतकंच त्याच्या जाडीवर आणि आकारावरही अवलंबून असतं. म्हणून सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या कॅनची ॲल्युमिनियमची कडी यांचा आकडा बरेचदा एकच येतो. कचरा नको म्हणून तो आकडा गाळणारे हौशी लोक अंगठ्याही गाळतात. चांगल्या डिटेक्टरवाल्याने बऱ्याच कड्या उकरलेल्या असतात.

खोलीचा हिशेब आणखी निर्दय आहे. चकतीपासून दूर जाताना क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तितकंच, एकूण अंतराच्या सहाव्या घाताने. म्हणजे अंतर दुप्पट झालं की संकेत 64 पट क्षीण. साधं नाणं वीत-दीड वीत खोलीवर जेमतेम ऐकू येतं. तेच 60 पट खोल, साधारण 50 फुटांवर नेलं, तर संकेत साडेचार हजार कोटी पटींहून अधिक क्षीण होईल! पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं म्हणणारे आणि ही दांडी विकणारे एकाच माळेचे मणी. ब्रिटनच्या जेम्स मॅकॉर्मिकने तर गोल्फचे चेंडू शोधायच्या बनावट खेळण्यावरून केलेले 'बॉम्बशोधक' इराकला विकले. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली.

या सहाव्या घातामुळे एकेक सेंटिमीटर मोलाचा ठरतो. चकती जमिनीला जवळजवळ घासून, समांतर, संथ फिरवा. शेवटाला झोक्यासारखी वर जाऊ देऊ नका. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवा. हेडफोन लावा. संकेत मिळाला की काटकोनात फिरून पुन्हा ऐका: दोन्हीकडून तसाच येणारा सूर उकरण्याजोगा, एकीकडून तुटणारा बहुधा खिळ्याचा.

आपल्याकडे आणखी एक पंचाईत आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे जमीनच धातूसारखी बोलू लागते. अशा वेळी धातू नसलेल्या जागेवर चकती वरखाली करून, त्या उचलण्या-टेकण्याने सूर बदलेनासा होईपर्यंत यंत्र जुळवून घ्यावं लागतं. गड-किल्ल्यांवर ते नेऊच नका. संरक्षित स्मारकात खोदकाम गुन्हा आहे. शेतात पुरलेलं काही मिळालं आणि त्याची किंमत दहा रुपयांवर असली, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

1992 मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावी, एरिक लॉज एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना रोमन नाणी आणि चांदीचे चमचे लागले. थोडं उकरून ते थांबले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी सुमारे 15,000 नाणी, दागिने आणि ज्या पेटीत ते ठेवले होते तिच्या खुणा जागच्या जागी नोंदवल्या. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.