चालू बेसबॉल सामना आणि चाहत्यांची चर्चा

व्यावसायिक बेसबॉलचा सामना चालू असतानाच चेंडूगणिक त्याची नोंद ठेवायची, पुढे काय होणार याचा अंदाज बांधायचा आणि झालेल्या निर्णयांवर तिथल्या तिथे वाद घालायचा, ही या खेळाच्या चाहत्यांची जुनी रीत आहे. अमेरिकेत ती १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. स्टेडियममधले बाक, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांसमोरचे रस्ते, रेडिओ आणि आता हातातला फोन अशी तिची ठिकाणे बदलत गेली, तरी मूळ धंदा तोच राहिला : चेंडू पडण्याआधी भाकीत आणि पडल्यावर निवाडा.

याला कारण खेळाची घडणच आहे. नऊ डावांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साधारण तीनशेच्या आसपास चेंडू टाकले जातात आणि प्रत्यक्ष हालचाल काही सेकंदांत आटोपते. बाकीचा वेळ पिचर (चेंडू टाकणारा) कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणा पाहतो, बॅटर हातमोजे आवळतो, मॅनेजर म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेच्या, कठड्याला रेलून उभा असतो. क्रिकेट पाहणाऱ्याला ही सवड ओळखीची आहे. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक चेंडूनंतर बॉल-स्ट्राइकची मोजदाद बदलते आणि तिच्याबरोबर डावपेचही बदलतात. बॅटरसमोरच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेलेला, न खेळलेला चेंडू म्हणजे बॉल; पट्ट्यातून जाऊ दिलेला किंवा बॅट फिरवून हुकलेला म्हणजे स्ट्राइक. चार बॉलला बॅटरला फुकटचा बेस मिळतो, तीन स्ट्राइकला तो बाद होतो. तीन बॉल आणि एकही स्ट्राइक नसेल, तर पुढचा चेंडू बहुधा सरळ, वेगवान आणि पट्ट्यात येणार. दोन स्ट्राइक आणि एकही बॉल नसेल, तर पिचर बॅटरला भुलवायला चेंडू पट्ट्याबाहेर टाकण्याची शक्यता जास्त. शेजाऱ्याशी पैज लावायला एवढे पुरते. शिवाय अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, म्हणजे मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज एक. एवढ्या सहवासानंतर आपल्या संघाचा कोणता पिचर सहाव्या डावात ढेपाळतो, हे चाहत्याला कोणी सांगावे लागत नाही.

सामन्याचा मागोवा घेण्याचे सर्वांत जुने आणि अजूनही टिकलेले साधन म्हणजे स्कोअरकार्ड. मैदानावरच्या नऊ जागांना ठरलेले आकडे आहेत : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६ आणि डावीकडून उजवीकडे तीन आउटफिल्डर ७, ८, ९. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असूनही सहावा का, हा नवख्याचा पहिला प्रश्न असतो. समजा, पहिल्या बॅटरने जमिनीलगत चेंडू शॉर्टस्टॉपकडे मारला आणि त्याने तो पहिल्या बेसला फेकून गडी बाद केला. चौकटीत ६-३ लिहायचे आणि बाजूला वर्तुळात १, म्हणजे पहिला गडी बाद. दुसऱ्या बॅटरला चार बॉलवर फुकटचा बेस मिळाला, तर बीबी लिहून छोट्या चौकोनाची पहिली बाजू गडद करायची. तिसऱ्याने पुन्हा शॉर्टस्टॉपकडेच मारले, चेंडू तिथून दुसऱ्या बेसला आणि तिथून पहिल्याला गेला : ६-४-३, एका फटक्यात दोन बाद, एकूण तीन बाद, डाव संपला. पेन्सिल खाली ठेवून हॉट डॉगवाल्याला हाक मारायला आता वेळ आहे.

स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाल्यास, रोमन लिपीतले के हे अक्षर लिहितात. बॅटरने तिसऱ्या स्ट्राइकवर बॅटच फिरवली नाही, तर तेच अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे काढतात. घरच्या पिचरच्या प्रत्येक स्ट्राइकआउटला एकेक के कठड्यावर टांगणारे चाहतेही हा उलट-सुलट भेद कसोशीने पाळतात. चौकटीत काय भरायचे याला मात्र कायदा नाही. न्यूयॉर्क यांकीज या संघाचे जुने शॉर्टस्टॉप आणि नंतरचे समालोचक फिल रिझुटो यांनी ‘लक्ष नव्हते’ अशा अर्थाची स्वतःची खूणच ठरवली होती. गप्पांत रंगून एखादा खेळ हुकला, की ती खूण ते निःसंकोच वापरत.

या नोंदपद्धतीमागचे मोठे नाव हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांचे. इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मलेले चॅडविक लहानपणीच ब्रुकलिनला आले आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर होते. क्रिकेटच्या धावफलकाची सवय त्यांनी नव्या खेळात आणली, बॉक्स स्कोअरला, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या छापील तक्त्याला, आकार दिला आणि स्ट्राइकआउटचे ते अक्षरही रूढ केले. अमेरिकेच्या ‘राष्ट्रीय’ खेळाची हिशेबवही अशी क्रिकेटच्या घरातून आली, हे तिकडे आवर्जून सांगितले जात नाही. स्टेडियममध्ये छापील स्कोअरकार्डे विकण्याचा धंदा हॅरी स्टीव्हन्स यांनी १८८०च्या दशकात ओहायोत सुरू करून पुढे न्यूयॉर्कपर्यंत नेला. तेही मूळचे इंग्लंडचेच.

ज्यांना मैदानावर जाता येत नसे, त्यांच्यासाठी रस्ता होता. २०व्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, दिवसांत न्यूयॉर्कच्या पार्क रो आणि टाइम्स स्क्वेअर भागात वर्तमानपत्रांच्या इमारतींवर मोठे फलक लावले जात. तारेने येणारा प्रत्येक खेळ पाहून आतली माणसे दिवे पेटवत किंवा मैदानाच्या चित्रावर चेंडू सरकवत. प्लेओग्राफ नावाचे यंत्र त्यासाठी प्रसिद्ध होते. खाली हजारोंचा जमाव रस्ता अडवून उभा असे. खेळाडू एकही दिसत नसे, तरी फलकावरचा चेंडू भिंतीकडे सरकला की लोक ओरडत, टोप्या उडवत, आणि मॅनेजरच्या नावाने बोटेही तिथेच मोडत.

५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी पायरेट्स विरुद्ध फिलीज या सामन्याचे धावते वर्णन केले. व्यावसायिक बेसबॉलचे रेडिओवरचे हे पहिले वर्णन. पायरेट्स ८-५ ने जिंकले. घरबसल्या फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढणार, या धास्तीने न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३०च्या दशकात आपसांत करार करून प्रक्षेपण बंद ठेवले होते. १९३९मध्ये ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख लॅरी मॅकफेल यांनी तो मोडला आणि रेड बार्बर या समालोचकाला बोलावून घेतले. धास्ती खोटी ठरली. रेडिओने चाहते मैदानापासून तोडले नाहीत, उलट नवे आणून बसवले.

दूरच्या गावचे सामने समालोचक पुष्कळदा स्टुडिओत बसूनच ‘घडवत’. तारेवर त्रोटक मजकूर यायचा आणि समालोचक त्यात रंग भरायचा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३०च्या दशकात आयोवातील डेमॉइन इथल्या केंद्रावर शिकागो कब्जचे सामने असेच ऐकवत. एकदा ऐन मोक्याला तार बंद पडली. फाउल म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या फटक्याची नोंद धावफलकात होत नाही, म्हणून तार सुरू होईपर्यंत त्यांनी बॅटरला एकामागून एक फाउल मारायला लावले, असा किस्सा ते रंगवून सांगत.

लॉस एंजेलिसमध्ये याच्या नेमके उलटे घडले. १९५८मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून तिथे गेले आणि पहिले चार हंगाम कोलिझियममध्ये खेळले. ते अमेरिकन फुटबॉल आणि धावण्याच्या शर्यतींसाठी बांधलेले अवाढव्य स्टेडियम. मागच्या रांगांतून खेळाडू कळेनात. म्हणून लोक ट्रान्झिस्टर घेऊन येत आणि समोरचा सामना समालोचक विन स्कली यांच्या तोंडून समजून घेत. स्कली यांनी १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम डॉजर्सचे वर्णन केले. आपला आवाज स्टेडियमभर घुमतो हे ओळखून एकदा त्यांनी श्रोत्यांना सांगितले, की पंच फ्रँक सेकोरी यांचा आज वाढदिवस आहे, तीन म्हणताच सगळ्यांनी शुभेच्छा द्या. अख्खे स्टेडियम एका सुरात ओरडले आणि मैदानावरचे सेकोरी चकित झाले. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चालू चर्चेतला सर्वांत मोठा आणि कधीच न मिटणारा विषय म्हणजे पिचर कधी बदलायचा. १६ ऑक्टोबर २००३ रोजी अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात बोस्टन रेड सॉक्स यांकीजविरुद्ध ५-२ ने पुढे होते. आठव्या डावात बोस्टनचे पिचर पेद्रो मार्टिनेझ थकल्याचे दिसत होते. मॅनेजर ग्रेडी लिटल पिचर उभा राहतो त्या टेकडीवर गेले, त्यांच्याशी बोलले आणि त्यांना तिथेच ठेवून परतले. बोस्टनच्या आसपासच्या न्यू इंग्लंडभरच्या घरांत टीव्हीवर ओरडणाऱ्यांना जे दिसत होते तेच पुढे घडले : लागोपाठ फटके बसून ५-५ अशी बरोबरी झाली आणि अकराव्या डावात यांकीजच्या आरन बून यांच्या होमरनने, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याने, सामना गेला. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

सतरा वर्षांनी नेमका उलटा दोष दिला गेला. २७ ऑक्टोबर २०२० रोजी वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बे रेजचे पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना खेळूच देत नव्हते. सहाव्या डावात एक गडी बाद असताना दुसरा हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) बसला. स्नेल यांचे चेंडू फक्त ७३ झाले होते आणि संघ १-० ने पुढे होता. मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्यांना काढून घेतले. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचरची जादू ओसरते, असे आकडेवारी सांगत होती. पण पुढचे बॅटर होते मूकी बेट्स आणि त्या रात्री स्नेल यांनी त्यांना दोनदा स्ट्राइकआउट केले होते. नव्या पिचरवर बेट्स यांनी डबल म्हणजे दोन बेसचा फटका मारला, डॉजर्सनी त्याच डावात आघाडी घेतली आणि ३-१ ने जिंकून विजेतेपद मिळवले. थकलेल्याला ठेवले म्हणून लिटल चुकले, ताज्याला काढले म्हणून कॅश चुकले. चाहते दोन्ही वेळी हमरीतुमरीवर आले. खरे तर कॅश यांचा निर्णय त्यांच्या संघाच्या हंगामभराच्या धोरणाला धरूनच होता. फसला नसता तर आज त्याची आठवणही निघाली नसती.

याउलट एका विषयावर बोलायचेच नाही, असा दंडक आहे. पिचरने एकही हिट दिलेला नसेल, तर सामना संपेपर्यंत ‘नो-हिटर’ हा उच्चार टाळायचा. डगआउटमध्ये सहकारी त्या पिचरच्या शेजारी बसत नाहीत आणि चाहतेही आडवळणाने बोलतात. ३ ऑक्टोबर १९४७ रोजी वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजचे बिल बेव्हन्स नो-हिटरपासून एका गड्यावर होते. रेडिओवर रेड बार्बर यांनी ते सरळ सांगून टाकले होते, कारण श्रोत्याला खरी स्थिती कळवणे हे आपले काम असे ते मानत. कुकी लाव्हागेटो यांनी डबल मारून दोन धावा आणल्या आणि नो-हिटर, सामना दोन्ही गेले. यांकीजच्या चाहत्यांनी खापर बार्बर यांच्यावर फोडले. बेव्हन्स यांनी त्या सामन्यात दहा बॅटरना फुकटचा बेस दिला होता, हे अर्थातच कोणी मनावर घेतले नाही.

इंटरनेटने चर्चेला आकड्यांची रसद पुरवली. मेजर लीगच्या सामन्याचे थेट चित्रण इंटरनेटवर प्रथम २६ ऑगस्ट २००२ रोजी दाखवले गेले. त्यानंतरच्या दशकात प्रत्येक चेंडूची जागा व वेग मोजणारे कॅमेरे आले आणि २०१५पासून स्टॅटकास्ट ही मोजणी सर्व मैदानांवर सुरू झाली. चेंडू पट्ट्यात होता की बाहेर, हे फोनवरच्या चौकटीत लगेच दिसते. त्यामुळे पंचांना शिव्या घालण्याआधी पुरावा तपासता येतो, आणि शिव्या तरीही घातल्या जातात. जिंकण्याची शक्यता चेंडूगणिक दाखवणारा आलेखही लोकप्रिय आहे. नवी अडचण उशिराची. थेट प्रक्षेपण प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट किंवा अधिक मागे असते, म्हणून ‘अरे वा!’ एवढाच मित्राचा संदेश होमरनचा रसभंग करतो. काही जण टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावतात आणि दोन्ही जुळवण्यात पहिला डाव घालवतात. त्यात प्रक्षेपणाच्या प्रादेशिक हक्कांची भर. आयोवात स्वतःचा मेजर लीग संघ नसूनही आसपासचे सहा संघ तो आपलाच मुलूख मानत, आणि तिथल्या वर्गणीदारांना बरीच वर्षे त्या सहाही संघांचे सामने इंटरनेटवर थेट पाहता येत नसत.

२०२३पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावण्यात आले : बेस रिकामे असताना १५ सेकंद. नऊ डावांचा सामना सरासरी तीन तासांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला. प्रेक्षकांनी बदलाचे स्वागत केले. तरी दोन चेंडूंमधली वादाची जागा आक्रसली, हेही खरे.

जपानमध्ये ही रीत वेगळ्या वळणाने गेली. तिथे बाकावरची चर्चा कमी आणि सामूहिक गायन जास्त. ओएंदान म्हणजे संघटित चाहते ढोल आणि ट्रम्पेट घेऊन येतात, प्रत्येक बॅटरचे स्वतःचे गीत असते, आणि ते आपला संघ फलंदाजी करत असतानाच गायचे. आपली पाळी संपली की गप्प बसून समोरच्यांना गाऊ द्यायचे. हानशिन टायगर्सच्या कोशिएन मैदानावर हा गजर सर्वांत दणदणीत.

भारतातून मेजर लीगचा मागोवा घेणाऱ्याला गजराचे घड्याळ लागते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला संध्याकाळी ७.०५ला सुरू होणारा सामना पुण्या-मुंबईत पहाटे ४.३५ला सुरू होतो. लॉस एंजेलिसचा ७.१०चा सामना सकाळी ७.४०ला, म्हणजे ऐन कामावर निघायच्या वेळी. सोयीची वेळ म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचे रविवार दुपारचे सामने. ते आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास लागतात आणि जादा डाव झाले नाहीत, तर दोनपर्यंत झोपायला मिळते.