एममॅप केलं म्हणजे फाइल रॅममध्ये आली?
सांगलीत आमच्या लॅबमध्ये पोरं अजून जर्नलात लिहितात, एममॅपने (फाइल प्रोग्रामच्या मेमरी-पत्त्यांना जोडायची सोय) अख्खी फाइल रॅममध्ये चढते. साफ चूक. लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तेव्हा प्रोग्रामसाठी फक्त पत्त्यांचा पट्टा राखून ठेवतो. हरिपूरच्या पेवाचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्याचा) नंबर वहीत चढला म्हणून हळद दुकानात यायची का? पानाला (मेमरीच्या ठरावीक मापाच्या तुकड्याला) पहिल्यांदा हात लागला की पेज फॉल्ट होतो, म्हणजे पान अजून जोडलेलं नाही अशी हाक कर्नलला जाते, मग डेटा जोडला जातो. टॉप कमांड लावून बघा: 2 जीबीची फाइल मॅप केली की व्हर्टचा (राखलेल्या पत्त्यांचा) आकडा लगेच फुगतो, रेस (खरोखर वापरलेली रॅम) जागचा हलत नाही. (पानं आधीच भरून ठेव सांगणारा मॅप-पॉप्युलेट हा पर्याय दिला तर गोष्ट वेगळी.) ड्रायव्हरमध्ये वापरतात ते कर्नलचं रीमॅप-पीएफएन-रेंज हे फंक्शन मात्र पेज टेबल (कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे जातो याचा तक्ता) तिथल्या तिथे भरतं. कोडमध्ये अशा फंक्शनवरच्या कॉमेंटमध्ये नुसतं ‘मेमरी मॅप करतं’ खरडलं की हा फरकच गायब होतो, आणि पोरं तेच उतरवून घेतात.