क्लस्टरवर कोणाला किती अधिकार? आमच्या ग्राहकांसाठी माहिती

क्लस्टर (एकत्र जोडून चालवलेल्या संगणकांचा समूह) आमच्या देखभालीत आला की पहिल्याच काही दिवसांत एक विनंती हमखास येते: "यांना अ‍ॅडमिन करून टाका, म्हणजे सारखं विचारायला नको." अडचण खरी असते. काम अडलेलं असतं, मुदत जवळ आलेली असते. तरी आम्ही लगेच हो म्हणत नाही, आधी विचारतो की त्यांना नक्की करायचंय काय. उत्तर बहुतेक वेळा छोटंच निघतं. कुणाचा तरी अडकलेला जॉब (क्लस्टरवर चालवायला दिलेलं काम) रद्द करायचाय, नव्या सहकाऱ्याला रांगेत काम टाकू द्यायचंय, एखाद्या फोल्डरमध्ये लिहायचंय. यांपैकी कशालाही सगळ्या क्लस्टरच्या किल्ल्या लागत नाहीत.

आमची पद्धत अशी: परवानगी भूमिकेला द्यायची आणि माणसाला त्या भूमिकेत बसवायचं. परवानगी थेट एखाद्याच्या नावावर दिली, की सहा महिन्यांनी ती का दिली होती हे कुणालाच आठवत नाही. त्या भूमिकेतल्या सगळ्यांचा ग्रुप करून ग्रुपला दिली तर ग्रुपची यादी उघडताच सगळं समोर दिसतं, आणि कुणाचं काम बदललं तर इकडून काढून तिकडे टाकलं की झालं. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली ही कल्पना नेमक्या शब्दांत मांडली आणि पुढे ती सगळीकडे रुजली.

स्लर्ममधल्या भूमिका

स्लर्म म्हणजे क्लस्टरवरचे जॉब रांगेत लावून चालवणारी प्रणाली. इथे एका शब्दाने बराच घोळ होतो. स्लर्ममध्ये 'अकाउंट' म्हणजे माणसाचं लॉगिन नाही. तो प्रकल्पाच्या किंवा विभागाच्या नावावरचा हिशोब असतो आणि युजर त्याला जोडलेले असतात. साधा युजर फक्त स्वतःचे जॉब हाताळतो. त्याच्या वरची भूमिका कोऑर्डिनेटरची. आपल्या अकाउंटपुरते युजर जोडणं, मर्यादा बदलणं, त्यातले जॉब रद्द करणं किंवा पुन्हा रांगेत लावणं, हे सगळं त्याला करता येतं. प्रकल्पप्रमुखाला एवढं पुरतं, असा आमचा अनुभव आहे.

ऑपरेटर हे नाव ऐकायला मधल्या फळीचं वाटतं, पण त्याला हिशोबाच्या डेटाबेसमधला कुठलाही युजर किंवा अकाउंट बदलता येतो, शिवाय आणखी ऑपरेटरही नेमता येतात. म्हणून ही भूमिका दोघांपलीकडे देऊ नका, असं आम्ही आवर्जून सांगतो. स्लर्मच्या अ‍ॅडमिनला तर स्लर्मपुरतं रूटसारखंच (रूट म्हणजे लिनक्समधला सर्वाधिकारी युजर) सगळं बदलता येतं.

सुडो: एका आज्ञेपुरतं दिलं तरी जपून

"फक्त एक कॉन्फिगरेशन फाइल बदलायची आहे, तेवढ्यासाठी व्हिमला सुडो द्या," ही मागणी निरुपद्रवी वाटते. (सुडो म्हणजे ठरावीक आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवायची सोय, आणि व्हिम हा फाइल बदलायचा एडिटर.) पण सुडोने उघडलेल्या व्हिममधून शेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) सुरू करता येतं आणि ते शेल रूटचं असतं. म्हणजे एका फाइलच्या नावाखाली अख्खी मशीन दिली गेली. अशा वेळी आम्ही सुडोएडिट वापरतो. त्यात एडिटर युजरच्याच अधिकाराने चालतो आणि बदललेली फाइल शेवटी जागेवर ठेवली जाते. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरणाऱ्यांच्या ग्रुपचंही असंच आहे. त्यात एखाद्याला घेणं म्हणजे त्याला रूट देण्यासारखंच, म्हणून सामाईक नोडवर (क्लस्टरमधल्या एकेका संगणकावर) तो ग्रुप आम्ही रिकामा ठेवतो.

सामाईक फोल्डर

फोल्डर उघडत नाही म्हणून ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळी मुभा) लावणं ही सगळ्यात जुनी खोड. त्याने काम चालू होतं आणि प्रत्येक युजरला त्या फोल्डरमधल्या फाइली पुसायचीही मुभा मिळते. त्याऐवजी प्रकल्पाचा ग्रुप करून फोल्डरला २७७० (मालक आणि ग्रुपला पूर्ण मुभा, इतरांना काहीच नाही) लावावं. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल त्याच ग्रुपच्या नावावर जाते. मात्र ग्रुपमधल्यांना त्या फाइलमध्ये लिहिता यावं म्हणून युमास्क (नव्या फाइलच्या परवानगीतून काय वगळायचं ते ठरवणारा आकडा) ००२ असावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

"ग्रुपमध्ये घेतलं तरी फोल्डर उघडत नाही" असा फोन आला, की आम्ही आधी लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगतो. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. तरीही अडलं तर युजर किती ग्रुपमध्ये आहे ते मोजतो. नेहमीच्या पद्धतीने जोडलेल्या एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फोल्डर वाटून घ्यायच्या पद्धतीत) विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ ग्रुप जातात, त्यापुढचे पोचतच नाहीत. यावर सर्व्हरच्या बाजूने उपाय करता येतो, पण त्याआधी इतके ग्रुप खरंच हवेत का, हे तुमच्यासोबत बसून पाहायला आम्हाला आवडेल.

माणूस सोडून जातो तेव्हा

अधिकार देताना सगळे हजर असतात. काढून घ्यायच्या दिवशी मात्र कुणाला आठवण नसते. कृपया या भागाकडे विशेष लक्ष द्या.

पासवर्ड लॉक केला की लॉगिनचं खातं बंद झालं, असा समज आहे. पण त्या युजरच्या होम फोल्डरमध्ये एसएसएच की (पासवर्डविना दूरून लॉगिन करू देणारी किल्ली) ठेवलेली असेल, तर बहुतेक मांडणींत तो तिच्या जोरावर आत येऊ शकतो. म्हणून आम्ही खात्याची मुदतच संपवतो, एसएसएच की काढून टाकतो, रांगेतले आणि चालू जॉब बघतो, आणि ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं थांबवतो.

खातं पुसायची मात्र घाई करत नाही. लिनक्सच्या लेखी फाइलचा मालक म्हणजे एक आकडा, यूआयडी. युजर पुसला की फाइलींच्या यादीत मालकाच्या जागी नावाऐवजी नुसतं १०४७ असं काहीतरी दिसू लागतं. पुढे नव्या माणसाला तोच आकडा मिळाला, तर आधीच्याच्या साऱ्या फाइली न मागता त्याच्या होतात. म्हणून जुने आकडे आम्ही पुन्हा वापरत नाही आणि सगळ्या नोडवर यूआयडी एकाच एल्डॅप यादीतून (सगळ्या युजरांच्या मध्यवर्ती नोंदीतून) देतो.

तुमच्याकडून काय हवं

परवानगी मागताना माणसाचं नाव, काम, प्रकल्प आणि शेवटची तारीख कळवा. तारीख ठाऊक नसेल तर अंदाजे टाका, वाढवून देणं एका मिनिटाचं काम आहे. कुणी सोडून जाणार असेल तर त्याच्या शेवटच्या दिवसाआधी सांगा, म्हणजे फाइली कोणाच्या हवाली करायच्या हे त्यालाच विचारता येईल. दर तीन महिन्यांनी आम्ही ग्रुपनिहाय यादी पाठवतो. ती प्रकल्पप्रमुखाने स्वतः वाचावी, ओळखीचं न वाटणाऱ्या प्रत्येक नावापुढे खूण करावी आणि यादी आम्हाला परत पाठवावी.