लाखभर गाणी आणि त्यांची नावे

सरासरी चार मिनिटांचे एक गाणे धरले तर एक लाख गाणी म्हणजे साडेसहा हजारांहून अधिक तास. झोप न घेता ऐकत बसले तरी नऊ महिने लागतील. आज हा सगळा ऐवज खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर बसतो, त्यामुळे असा संग्रह बाळगणाऱ्याची तक्रार जागेची नसते. एकाच गायकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिले गेल्याने यादीत तीन गायक दिसतात. एका अल्बमचे दोन तुकडे पडतात. 'ट्रॅक ०१' नावाच्या तर शेकड्याने फायली निघतात. हे गाणी उतरवून घेणाऱ्याच्या आळसाचे फळ आहे असे म्हणणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही. हा पसारा वारशाने आलेला आहे आणि त्याची सुरुवात संगणकाच्या आधी, सीडीपासून होते.

सीडीचे 'रेड बुक' हे मानक १९८० मध्ये ठरले आणि १९८२ मध्ये तबकड्या बाजारात आल्या. सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, असा सगळा हिशेब त्यात होता. कोणते गाणे कुठे सुरू होते याची अनुक्रमणिकाही होती, तीही सेकंदाच्या ७५ व्या भागापर्यंत नेमकी. मात्र गाण्याचे नाव सांगणे या मानकाने बंधनकारक केले नव्हते. त्या काळात ते कुणाला खटकलेही नसावे, कारण नाव डबीवरच्या कागदावर छापलेले असे आणि वाचायला माणूस हजर असे. नावे तबकडीवरच नोंदवण्याची 'सीडी-टेक्स्ट' ही सोय १९९६ मध्ये आली, पण ती वापरण्याची सक्ती कुणावर नव्हती. तबकडी संगणकात गेली तेव्हा संगणकाला दिसले ते केवळ आकडे.

या आकड्यांतूनच एक युक्ती निघाली. टी कान यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी 'एक्सएमसीडी' नावाचा सीडी प्लेअर लिहिला होता. १९९३ च्या सुमारास त्यात त्यांनी अशी सोय केली की गाण्यांच्या सुरुवातीच्या वेळा, एकूण लांबी आणि गाण्यांची संख्या यांवरून तबकडीचा आठ अक्षरी क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकापुढे नावे टिपून ठेवायची. एकाने नावे टाइप केली की ती सगळ्यांना मिळत. पुढे स्टीव्ह शर्फ यांच्या मदतीने ही यादी इंटरनेटवरच्या सर्व्हरवर गेली आणि 'सीडीडीबी' म्हणून ओळखली जाऊ लागली.

युक्ती चलाख होती, पण तिच्यात दोन भोके होती. एक म्हणजे क्रमांक लहान, त्यामुळे दोन वेगळ्या तबकड्यांचा क्रमांक एकच निघू शकत असे. यादीत संगीताचे अकराच प्रकार होते आणि एका प्रकारात एका क्रमांकाची एकच नोंद बसे. मग क्रमांक जुळला की दुसऱ्या तबकडीची नोंद मोकळ्या असलेल्या भलत्याच प्रकारात टाकली जाई. जॅझ 'लोकसंगीता'त सापडण्याचे हे एक कारण. दुसरे भोक माणसांचे. कुणी आडनाव आधी लिहिले, कुणी नंतर. कुणी सगळी अक्षरे मोठी लिहिली, कुणी कंसात 'डिस्क २' जोडले. आजच्या संग्रहातली निम्मीशिम्मी विसंगती नव्वदच्या दशकातल्या अनोळखी हातांनी टाइप केलेली आहे, असे मला वाटते. पुढे ही यादी खासगी मालकीची झाली, २००० मध्ये तिचे नाव 'ग्रेसनोट' पडले आणि फुकट वापरावर बंधने आली. लोकांनी हौसेने भरलेल्या माहितीवर आता कंपनीचा ताबा होता. त्या चिडीतून 'फ्रीडीबी' आणि रॉबर्ट के यांचा 'म्युझिकब्रेन्झ' हे दोन पर्याय उभे राहिले.

एमपी३ ची कहाणी अनेकदा सांगून झाली आहे, म्हणून थोडक्यात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी यावर मोठे काम केले आणि १९९५ च्या जुलैत '.एमपी३' हे शेपूट ठरले. चार मिनिटांचे गाणे सीडीवर सुमारे ४२ एमबी जागा घेते. सेकंदाला १२८ किलोबिट (केबीपीएस) वापरणाऱ्या एमपी३ मध्ये ते चार एमबीच्या आत बसले. संग्रह फुगण्याची सोय झाली. नावांचा प्रश्न मात्र तसाच, कारण या मानकातही नावासाठी जागा ठेवलेली नव्हती.

ती जागा १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी फाइलच्या शेपटीला १२८ बाइट चिकटवून केली. हाच 'आयडी३' टॅग. शेपटीला का, तर टॅग न समजणाऱ्या जुन्या प्लेअरने गाणे आधी नीट वाजवावे आणि अडखळलाच तर शेवटी अडखळावे. १२८ बाइटांची वाटणी अशी: इथे टॅग आहे हे सांगणारी खूण ३, गाण्याचे नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि संगीतप्रकाराला एक. लांबलचक शीर्षके अर्ध्यात तोडली गेली. गाण्याचा क्रमांक लिहायचा राहूनच गेला होता. वर्षभरात शेऱ्याच्या खान्यातले दोन बाइट काढून तो बसवला. संगीतप्रकार शब्दांत लिहायचा नव्हता, ठरलेल्या यादीतला आकडा लिहायचा होता. त्या यादीत शून्य म्हणजे 'ब्लूज'. रिकाम्या खान्यात शून्य भरणारा एखादा प्रोग्रॅम भेटला, की त्याच्या हाताखालून गेलेले कुठलेही गाणे ब्लूज होऊन बाहेर पडे!

लिपीचे हाल तर वेगळेच. आयडी३ च्या पहिल्या आवृत्तीत अक्षरे कोणत्या सांकेतिक पद्धतीने लिहिली आहेत हे नोंदवायची सोय नव्हती. रशियन नावे दुसऱ्या संगणकावर चित्रविचित्र चिन्हे होऊन उघडत. देवनागरीला यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे ३० बाइटांत जेमतेम दहा चिन्हे, तीही काना-मात्रा धरून.

१९९८ मध्ये आयडी३ ची दुसरी आवृत्ती आली. ती ऐसपैस होती, मुखपृष्ठाचे चित्रसुद्धा सामावणारी, आणि फाइलच्या सुरुवातीला बसणारी. जुना टॅग शेपटीला, नवा डोक्याला, आणि दोन्हींत वेगळी नावे असली तर कोणते खरे मानायचे हे ज्या त्या प्रोग्रॅमच्या मर्जीवर. नाव इथे दुरुस्त करावे आणि तिथे जुनेच दिसावे, हा अनुभव त्यातूनच येतो. या मालिकेतल्या २.३ आवृत्तीने एकाहून अधिक कलाकार वेगळे करायला तिरकी रेघ ठरवली. 'एसी/डीसी' हा रॉक बँड तेव्हा जगप्रसिद्ध होऊन दोन दशके झाली होती. नियम तंतोतंत पाळणारा प्रोग्रॅम त्यांचे दोन कलाकार करतो. ती रेघ फाइलच्या नावातही चालत नाही, त्यामुळे फोल्डर आणि टॅग यांतली नावे जुळत नाहीत ती नाहीतच. 'अल्बमचा कलाकार' असा खाना तर मानकात नव्हताच. वाद्यवृंदासाठी ठेवलेला खाना अनेक प्रोग्रॅमनी त्या कामाला जुंपला. अल्बमचे तुकडे पडतात तेव्हा बहुतेक वेळा हाच खाना रिकामा असतो.

१९९७ मध्ये विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्रॅम आला तेव्हा फायली उघडायच्या, प्लेलिस्ट करायची, वाजवायची, एवढेच अपेक्षित होते. मांडणी म्हणजे फोल्डर: कलाकार, त्यात अल्बम. हजार-दोन हजार गाण्यांपर्यंत ते पुरते. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या ॲपलच्या आयट्यून्स या प्रोग्रॅमने फोल्डर नजरेआड करून सगळा संग्रह एका मोठ्या तक्त्यात मांडला आणि पुढच्या वर्षी स्मार्ट प्लेलिस्टची सोय दिली: अमुक प्रकारची, महिनाभरात न ऐकलेली गाणी आपोआप गोळा व्हावीत. मोठा संग्रह ऐकण्याजोगा झाला तो या कल्पनेमुळे. पण दिलेले तारे आणि किती वेळा ऐकले याचे आकडे तो प्रोग्रॅम गाण्याच्या फाइलमध्ये लिहीत नसे, आपल्या वहीत ठेवी. दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेले की गाणी बरोबर येत आणि वर्षांची आवडनिवड मागे राही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. जे फाइलमध्ये नाही ते आपले नाही, हा धडा मोठ्या संग्राहकांनी तिथेच घेतला आणि टॅग दुरुस्त करणारे एमपी३टॅग, गाणी वाजवणारे फूबार२००० यांसारख्या साधनांकडे मोर्चा वळवला.

त्याच २००१ सालात जॉश कोल्सन यांनी फ्लॅक पूर्णत्वाला नेले. ध्वनीतले काहीही न गमावता आकार साधारण निम्म्यावर आणणारे हे स्वरूप. टॅग साधे, 'खाना=मजकूर' अशा रूपाचे आणि सुरुवातीपासून यूटीएफ-८ मध्ये, शिवाय मूळ ध्वनीवरून काढलेला 'एमडी५' हा पडताळ्याचा आकडा फाइलमध्येच असल्याने डिस्कवर काही सडले तर पडताळता येते. २००७ मध्ये एक टेराबाइटच्या डिस्क आल्यावर पुष्कळांनी कपाटातल्या सीडी पुन्हा काढून फ्लॅकमध्ये उतरवल्या. जुने एमपी३ मात्र पुसले नाहीत. एकच गाणे तीन दर्जांत तीन ठिकाणी, ही आजची डुप्लिकेटची कटकट बरीचशी त्या उत्साहातून आली.

नावांच्या प्रश्नाला नेमका हात घातला तो म्युझिकब्रेन्झने. तिथे प्रत्येक कलाकाराला, अल्बमला आणि ध्वनिमुद्रणाला ३६ अक्षरांचा कायमचा ओळखक्रमांक असतो. स्पेलिंग कसेही असो, क्रमांक तोच. २०१० च्या सुमारास अकूस्टआयडीची भर पडली. गाण्याची पहिली दोन मिनिटे ऐकून त्याचा ठसा काढायचा आणि ओळखायचे. फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाले, तोवर पिकार्ड आणि बीट्स यांसारखे प्रोग्रॅम हे ठसे वापरून हजारो फायलींना एका बैठकीत नावे देऊ लागले होते.

तरी दर हजारात काही फायली अडून बसतात. ठसा सांगतो की मुद्रण कोणते आहे. तेच मुद्रण मूळ अल्बमवर असते, दहा वर्षांनी निघालेल्या निवडक गाण्यांच्या संचात असते आणि आणखी एखाद्या पुनर्मुद्रणातही. तुमची फाइल त्यांपैकी कुठून आली हे गाण्याच्या आवाजातून कळत नाही. पिकार्ड तिथे यादी पुढे करतो आणि माणसाने निवडण्याची वाट पाहतो. अशा एकेका फाइलला दहा सेकंद लागतात. लाखातल्या पाच हजार अडल्या तर चौदा तास.