दोन शाया एकत्र करू नका, हा नियम आला कुठून

शाईपेन वापरणाऱ्यांमध्ये एक नियम पक्का आहे: एका कंपनीची शाई दुसरीच्या शाईत घालायची नाही. नियम बरोबर आहे, पण फार जुना नाही. बोरूच्या काळात शाई म्हणजे घरीच कालवायची वस्तू. काजळी, डिंक आणि पाणी घोटायचं, दाट वाटली तर पाणी वाढवायचं. बिघडलीच तर दौत धुतली की झालं. युरोपातल्या दस्तऐवजांची शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह यांचं काळं संयुग कागदाच्या तंतूंत रुतून बसतं आणि पाण्याने जात नाही.

ही शाई लिहिताना मात्र फिकी दिसते, हवा लागल्यावर काळी पडते. आपण काय लिहितोय ते लगेच दिसावं म्हणून कारखानदार तिच्यात निळा रंग घालू लागले. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने १८३२ साली सुरू केलेल्या शाईच्या धंद्याचं नाव या निळ्या-काळ्या शाईमुळेच झालं. आज दुकानात ब्ल्यू-ब्लॅक मागितली तर बहुतेक वेळा मिळते ती नुसती रंगछटा. लोह तिच्यात नसतंच.

पुढे दोन गोष्टींनी चित्र बदललं. १८५६ साली विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. १८८४ साली लुइस वॉटरमनला त्याच्या पेनचं पेटंट मिळालं. या पेनात शाई निबखालच्या जिभेतल्या बारीक खाचांतून उतरते. तिथे काजळीची शाई वाळली की पेन मेलं. म्हणजे शाई पूर्ण विरघळलेल्या रंगाचीच हवी, गाळ अजिबात नको. मिसळण्याबद्दलची सगळी भीती या बारीक खाचांपाशी येऊन थांबते.

खरी गडबड झाली ती लवकर वाळणाऱ्या शाईच्या हट्टापायी. पार्कर कंपनीने १९३१ साली ‘क्विंक’ बाजारात आणली. टीपकागद लागू नये, हा तिचा दावा. १९४१ मध्ये ‘पार्कर ५१’ पेनबरोबर आणखी जहाल शाई आली, इतकी की ती फक्त याच पेनात भरा अशी ताकीद लेबलवर होती. १९४७ च्या ‘सुपरक्रोम’ने तर कळस केला. रंग देखणे, पण शाई तीव्र अल्कधर्मी; ती पेनचे आतले भागच खायची. कंपनीने ती काही वर्षांतच बंद केली. माझ्या मते शाईच्या इतिहासातला हा सगळ्यात महागडा उतावीळपणा.

आता बाजारात एकीकडे लोहाची आम्लधर्मी शाई, एकीकडे धुता येणारी आम्लधर्मी निळी, तर तिसरीकडे अल्कधर्मी झटपट वाळणारी. धुता येणाऱ्या निळीतला रंग अल्क लागला की फिका पडतो किंवा उडतोच. लोहाची शाई अल्कात गेली की गाळ खाली बसतो. रंगांवरचे विद्युतभारही आड येतात: ऋणभाराचा रंग धनभाराच्या रंगाला भेटला की दोघं मिळून घट्ट होतात. बाटलीवर यातलं काहीच छापलेलं नसतं, म्हणून कंपन्यांनी सरसकट ‘मिसळू नका’ सांगून टाकलं.

आपल्याकडे मात्र कालवायची सवय बराच काळ टिकली. दिगंबर आणि गोविंद दांडेकर या बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या धंद्याचा पहिला माल होता ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या. पुढे शाईपेनसाठी ‘कॅमल’ शाई आली आणि त्यावरूनच ‘कॅम्लिन’ हे नाव पडलं. १९३४ साली राजशाहीत, म्हणजे आजच्या बांगलादेशात, मैत्र बंधूंनी स्वदेशीच्या प्रेरणेतून ‘सुलेखा’ काढली. पुडीची शाई किती दाट करायची हे पाणी घालणाऱ्याच्या हातात असे. त्यामुळे एकाच वर्गातल्या वह्यांत निळ्या रंगाच्या चार तऱ्हा दिसत.

मिसळण्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली जपान्यांनी. प्लॅटिनम कंपनीच्या ‘मिक्स फ्री’ मालिकेत नऊ रंग आणि पातळ करायचं एक द्रावण आहे, सगळं एकमेकांत चालेल असं बेतलेलं. सेलर कंपनीचा कारागीर दुकानात बसून गिऱ्हाइकासमोर, त्याच्या पसंतीची छटा येईपर्यंत थेंब थेंब मिसळून द्यायचा. कोबेच्या नागासावा दुकानाने २००७ पासून त्या शहरातल्या जागांच्या नावाने शाया काढल्या, त्याही सेलरकडूनच करून घेतलेल्या.

घरी मिसळायचंच असेल तर एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतल्या साध्या रंगांपासून सुरुवात करावी. लोहाची शाई कशातही घालू नये. सिरिंजने मोजून छोट्या काचेच्या कुपीत मिश्रण करावं, काही दिवस तसंच ठेवून तळाशी गाळ दिसतो का पाहावं, मगच पेनात भरावं. आणि शाई पातळ करताना नळाचं पाणी टाळावं. पाण्याने रंगाबरोबर शाईतलं बुरशीनाशकही पातळ होतं. बाटलीत बुरशीचे तंतू दिसू लागले, की ती शाई टाकून देण्यापलीकडे इलाज नाही.