पियानोवर कोण होतं, टॉम की बग्ज बनी?

काळा कोट घातलेला प्राणी ऐटीत पियानोला बसतो, वाजवायला लागतो, पियानोतून उंदीर निघतो आणि मैफलीचा बट्ट्याबोळ होतो. हे वर्णन दोन वेगवेगळ्या कार्टूनांना तंतोतंत लागू पडतं. एक बग्ज बनीचं, वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचं ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’ (दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलंग, नोव्हेंबर १९४६) आणि दुसरं टॉम-जेरीचं, एमजीएम स्टुडिओचं ‘द कॅट कॉन्चेर्टो’ (दिग्दर्शक हॅना आणि बार्बेरा, एप्रिल १९४७). दोन्हींत संगीतही तेच, संगीतकार फ्रान्झ लिस्टची पियानोरचना हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २. दोन्ही स्टुडिओंनी तेव्हा एकमेकांवर चोरीचे आरोप केले. ऑस्कर मात्र टॉम-जेरीने नेलं. आपल्याकडे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं आणि टॉम-जेरी व बनी एकाच चॅनलवर दिसू लागले. तेव्हा लहान असलेल्यांच्या डोक्यात ही सरमिसळ झाली तर नवल नाही.

झटपट ओळखायचं असेल तर कान द्या. टॉम अवाक्षर बोलत नाही. बनी मध्येमध्ये बोलतो. तो हातमोजे काढतो तर आत आणखी हातमोजे, प्रेक्षकांत कुणी खोकलं तर सरळ गोळी झाडतो, मध्येच फोन येतो तेव्हा ‘फ्रान्झ लिस्ट? नाव नाही ऐकलं’ म्हणून ठेवून देतो.

खरा फरक इथेच आहे. बनीच्या कार्टूनमध्ये विनोदासाठी संगीत थांबतं. टॉमच्या कार्टूनमध्ये विनोद संगीताच्या आत घडतो. जेरी दोन पट्ट्यांच्या मध्ये उंदराचा सापळा ठेवतो. टॉमचं बोट डावीकडची पट्टी, उजवीकडची पट्टी असं सापळा चुकवत वाजवत राहतं, आणि अडकतं तेही लयीतच. जेरी आतल्या हातोड्यांवर उसळतो तोसुद्धा सुरांच्याच हिशेबाने. म्हणून लिस्ट ऐकायचा असेल तर आधी टॉम बघावा. पियानोवादकांच्या नखऱ्यांची टिंगल हवी असेल तर बनी.

दोन्हींत भेसळही आहे. टॉमकडे काही सेकंद तेव्हाचं एक लोकप्रिय अमेरिकन गाणं घुसतं, बनीकडे उंदीर बूगी-वूगी ही नाचऱ्या लयीची पियानोशैली वाजवतो. ते सूर मूळ रचनेत शोधू नका. ‘कॉन्चेर्टो’ हे नावही फसवं आहे. कॉन्चेर्टोत एक मुख्य वाद्य आणि सोबत वाद्यवृंद असतो. लिस्टची ही रचना मुळात एकट्या पियानोची.

रचनेचे दोन भाग आहेत. लासान म्हणजे संथ, जड, उदास भाग, सी शार्प मायनरमध्ये. पेटीच्या भाषेत काळी एक. टॉम डोळे मिटून, मान ताठ ठेवून वाजवतो तो हाच. मग फ्रिश्का, म्हणजे वेगवान भाग. ती अगदी हळू आवाजात, त्याच त्या सुरावर बोटं नाचवत सुरू होते आणि बघता बघता उधळते. शेवट एफ शार्प मेजरमध्ये, म्हणजे काळी तीनवर. पळापळ सगळी इथे. विलंबित आणि द्रुत म्हटलं तर अर्धंच बरोबर आहे. इथे ठेका नाही, आणि लासानमध्ये वादक लय मनाप्रमाणे ताणतो, सोडतो. तबल्याची सवय असलेला कान इथे सम शोधत बसला तर वैतागतो.

पूर्ण रचना साधारण दहा मिनिटांची आणि कार्टून सात-आठ मिनिटांचं, त्यामुळे काटछाट अटळ. आणि बहुतेक कापला जातो लासान. पूर्ण ऐकायचं असल्यास नावासोबत ‘एस. २४४/२’ हा लिस्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक आणि ‘सोलो पियानो’ असं शोधा. नुसतं नाव टाकलं तर वाद्यवृंदाची आवृत्ती लागू शकते आणि ‘हे ते नव्हेच’ असं वाटतं. पियानोचीच दोन रेकॉर्डिंग शेवटाकडे अचानक वेगळी निघाली तर गोंधळू नका. तिथे लिस्टने वादकाला मनाने वाजवायला जागा सोडली आहे. कुणी ती गाळतं, कुणी स्वतःचं काही वाजवतं; रशियन संगीतकार-पियानोवादक रॅखमानिनोव्हने तर तेवढ्यासाठी स्वतःचा तुकडा लिहून ठेवला.