दामाजीची कोठारं आणि मिशनची पोती

वसई भागात ख्रिस्ती गावांबद्दल एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पाद्र्याने रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी लोकांनी ते पाणी प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं. १५३४ ते १७३९ या दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात धर्मांतरं काही एका पावाने झाली नाहीत; धाक, जमीन, सवलती, श्रद्धा असं बरंच काही त्यात होतं. पण मिशनरी आणि अन्न यांची मराठी मनात गाठ बसली ती त्या विहिरीपाशी. आपल्याकडे अन्नदानाची दुसरी गोष्ट आहे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. बादशहाची कोठारं त्यांनी उपाशी लोकांना खुली केली, बदल्यात काही मागितलं नाही. आज एखादं मिशनचं पथक वस्तीवर तांदूळ-डाळ वाटायला उतरलं की बघणारा त्याला या दोहोंपैकी एका गोष्टीत बसवून मोकळा होतो.

खरा पेच १८७६-७८ च्या दुष्काळातला. ओंगोलला (आताच्या आंध्रात) जॉन क्लॉ नावाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते. नुसतं धान्य वाटण्यापेक्षा त्यांनी बकिंगहॅम कालव्याच्या तीनेक मैलांच्या तुकड्याचं कंत्राट घेतलं आणि लोकांना खोदाईची मजुरी दिली. मदत चालू होती तोवर बाप्तिस्मे बंद ठेवले. पोटासाठी आलेला माणूस कोणता आणि देवासाठी आलेला कोणता, हे त्यांना ओळखता येईना. मदतीचं काम संपल्यावर ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांनी बाप्तिस्मा घेतला. यातून काय सिद्ध झालं, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. मला तो आकडा थोडा अस्वस्थ करतो. पण दुष्काळ ओसरेपर्यंत थांबण्याचा निर्णय प्रामाणिक होता, हेही मान्य करावं लागतं.

त्याच दुष्काळात पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव फुल्यांनी उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला. म्हणजे पोरांना जेवू घालणं ही काही एकट्या मिशनची मक्तेदारी नव्हती.

पंडिता रमाबाईंना हे सगळं पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नान्न करत गेले. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग, इतक्या मुलींना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून केडगावच्या माळरानावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तिथूनच ‘मुक्ती’ हे त्यांचं मिशन वाढलं. १९०० च्या दुष्काळात तिथली माणसं दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना रोज दोन वेळा घालायचं म्हणजे काय, ते एखाद्या लग्नाची पंगत उठवलेल्यालाच कळेल! शिधा बाहेरून किती दिवस आणणार? तेव्हा विहिरी, शेती, दळण, विणकाम, छापखाना, सगळं तिथेच सुरू झालं.

१९०० सालचं आणखी एक प्रकरण नगरचं. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं तिथे १८३१ पासून होतं. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ साप्ताहिकाने वर्गणी जमवली आणि त्या वर्षी १० मे रोजी ‘क्विटो’ हे जहाज मका भरून मुंबईकडे निघालं. जहाजाचं भाडं अमेरिकन सरकारने भरलं. दुष्काळनिवारणाची ही मदत वाटण्याच्या कामात पुढे होते नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम. जन्म मुंबईचाच, १८४७ चा. पुढे त्यांना ब्रिटिश सरकारचं ‘कैसर-इ-हिंद’ पदक मिळालं. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्याला मजुरी मिळे. पोरक्या मुलांचा सांभाळ आणि पेरणीला बियाणं अशी जी कामं उरत, त्यांत मिशन उतरे.

स्वातंत्र्यानंतर पोत्यांवरचा शिक्का बदलला. १९५४ च्या ‘पीएल ४८०’ कायद्याखाली अमेरिकेचं जास्तीचं धान्य येऊ लागलं. त्यातला मोफत वाटपाचा वाटा कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेससारख्या संस्थांमार्फत चर्चच्या गोदामांत पोहोचे: गहू, दुधाची भुकटी, तेलाचे डबे. त्यांवर हातात हात दिल्याचं चित्र आणि ‘विकू नये’ अशी सूचना. रिकाम्या पोत्यांच्या पिशव्या मात्र घरोघरी वर्षानुवर्षं टिकल्या. १९७२ च्या दुष्काळातली तांबडी ‘मिलो’ ज्वारी रेशनवर आली होती, मिशनची नव्हे. पण तिचं नाव काढलं की वडीलधारी मंडळी अजून तोंड वाकडं करतात.

याच काळात कायदाही आला. मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीने १९५६ साली अहवाल दिला, ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचे (म्हणजे जबरदस्तीने, फसवून किंवा आमिषाने धर्मांतर करवण्यावर बंदी घालणारे) कायदे केले, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. मध्य प्रदेशच्या त्या कायद्यात (२०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) ‘प्रलोभना’च्या व्याख्येत रोख किंवा वस्तुरूपातली भेट येत होती. म्हणजे पाच किलो तांदूळ हा दान की आमिष, हे तो कशासाठी दिला यावर ठरतं, आणि ते ‘कशासाठी’ पोत्यावर छापलेलं नसतं. म्हणूनच जाणती मंडळी वाटपाच्या जागी प्रार्थना ठेवत नाहीत, किराणा गावातल्याच दुकानातून भरतात आणि यादीत आधी विधवांची नावं घालतात, मग ती कुठल्याही आळीतली असोत.